अप्पांचा चेहरा वाचताना

१२ नोव्हेंबर २००७
हेंद्रेपाडा, बदलापूर

गाईड सरांनी आज सांगितलं, एम.ई.च्या प्रोजेक्टची रोजच्या रोज नोंद ठेवा, शेवटी थीसिस लिहिताना उपयोगी पडते. त्यासाठी एक जाड रजिस्टर आणलं. त्यात प्रोग्रामचं लिहीन. ही डायरी वेगळी. रजिस्टरमध्ये जे लिहिता येणार नाही ते इथे.

प्रोजेक्ट सोपा करून सांगायचा तर असा. वेबकॅमसमोर माणूस बसेल आणि कॉम्प्युटर त्याचा चेहरा बघून सांगेल की त्याला राग आलाय, की आनंद झालाय, की भीती वाटतेय. सहा भाव धरलेत: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. यातलं काहीच नसेल तर 'निर्विकार'. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असलं काही कुणी घेतलेलं नाही. सर म्हणाले, "मॅडम, हे मेपर्यंत होणार नाही. अटेंडन्सचं सॉफ्टवेअर करा आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, होईल. मेपर्यंत एम.ई. झालं नाही तर लेक्चररची नोकरी कायम होणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

"हाच विषय का?" असं नवऱ्यानं, सोहमनं, विचारलं. त्याला म्हटलं, नवीन आहे म्हणून. खरं कारण इथे लिहिते. लग्न होऊन या घरात आल्याला दोन महिने झाले. आम्ही कोर्टात लग्न केलं. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली, बौद्ध. या घरात देवघराला रोज ताजी फुलं लागतात. सासूबाई, म्हणजे माई, माझ्याशी जपून बोलतात. सासरे, म्हणजे अप्पा, बोलतच नाहीत. नुसते बघतात. त्या बघण्याचा अर्थ लावण्यात माझा अर्धा दिवस जातो. चेहऱ्यावरून मनातलं ओळखता येतं की नाही, हे मला खरोखरच माहीत करून घ्यायचंय.

१८ नोव्हेंबर

उल्हासनगरला जाऊन वेबकॅम आणला. दुकानदारानं चार डबे काढून मांडले. "चॅटिंग के लिए चाहिए ना मॅडम? हा घ्या, लाईटवाला आहे." मी म्हटलं, चेहऱ्यावरून राग-लोभ ओळखायला पाहिजे. तो सोहमकडे बघून म्हणाला, "साहेब, घरी मॅडम आहेत ना, मग मशीन कशाला?" आणि स्वतःच हसला.

कॉम्प्युटर हॉलमध्येच आहे, म्हणून कॅमेराही तिथेच लावला. अप्पा त्यांच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. ते अंबरनाथच्या एका फॅक्टरीत मोठे ऑफिसर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. पेपरचं एकच पान मघापासून तसंच होतं. मी वायर जोडेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही. शेवटी मीच नजर काढून घेतली.

२ डिसेंबर

कॉलेजचा लॅपटॉप मागून घेतला आणि बुवापाड्याला गेले. प्रोग्रामला शिकवायला चेहरे लागतात. इंटरनेटवर मिळालेला चेहऱ्यांचा संच परदेशी आहे. त्यावर तो बऱ्यापैकी शिकलाय, पण आपली माणसं समोर आली की गडबडतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून बसवल्या. शेजारच्या बनूबाईंना म्हटलं, रागाचा चेहरा करा. त्यांनी भुवया चढवल्या आणि फिस्सकन हसल्या. मग सगळ्याच हसायला लागल्या. आनंदाचे फोटो भरपूर मिळाले.

आई म्हणाली, "खोटा राग कसा आणू गं? खरा आणायला सांग, लगेच आणते."

"कुणावर आणशील?"

"ते तुला नाय सांगणार."

निघताना पप्पा कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. "सासरे बोलतात का तुझ्याशी?" म्हणाले. मी "हो" म्हटलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा वाचायला त्यांना कॉम्प्युटर लागत नाही. लग्नाला तीन महिने होतील, अजून माझ्या आई-पप्पांना या घरातून जेवायला या असं कुणी म्हटलेलं नाही.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. रजा टाकली होती. पांढरी साडी नेसून बुवापाड्याच्या विहारात जायला निघाले. अप्पाही फिरायला निघाले होते. चप्पल घालून दाराच्या उंबऱ्यात उभे होते. बाजूला होतील म्हणून मी थांबले. ते झाले नाहीत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथेच, पाठ माझ्याकडे. मी "अप्पा" म्हटलं, तरी नाही. मग मान तेवढी वळवली. साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेच बघणं. कितीतरी वेळानं एक पाऊल पुढे टाकलं आणि मला वाट मिळाली. मागून काहीतरी पुटपुटले. "ये जाऊन" म्हणाले असावेत. नीट ऐकू आलं नाही.

या दिवशी, या साडीत, दारात अडवतात. हे मी सोहमला सांगितलेलं नाही. सांगून काय होणार. ते मला उघड काही बोलत नाहीत, म्हणून मला उत्तरही देता येत नाही.

मी हा प्रोजेक्ट पुरा करणार आहे.

२३ डिसेंबर

माई डोंबिवलीला बहिणीकडे गेल्या, रात्री तिथेच राहणार. सोहम म्हणाला, आज तुझं राज्य. आईनं दिलेली सुकट काढली, कांदा-टोमॅटोत परतली. या घरात कधी शिजली नसेल. खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट लावला, तरी वास भरून राहिला. सोहम दोनदा आत येऊन डोकावून गेला. अप्पा हॉलमध्ये बसलेले. मान वळवली नाही, खोकले नाहीत, उठून गॅलरीत गेले नाहीत. जणू मी काही केलंच नाही.

नाक मुरडलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला तयार होते. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

५ जानेवारी २००८

आज मी त्यांना थेट विचारलं. "अप्पा, माझ्या प्रोजेक्टसाठी थोडा वेळ कॅमेऱ्यासमोर बसाल का?" सोहम आणि माई दोघंही माझ्याकडे बघायला लागले. अप्पा म्हणाले, "बसतो की." आणि हळूहळू येऊन बसले. खुर्ची पुढे ओढायलासुद्धा वेळ लावला.

मी म्हटलं, आधी आनंदाचा. हसा, अप्पा.

स्क्रीनवर त्यांचा चेहरा, भुवयांवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर माझ्या प्रोग्रामचे हिरवे ठिपके. ठिपके हलले नाहीत. मी थांबले. "हसा ना, अप्पा."

"हसलो की," ते म्हणाले.

माई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, "हसलो." आवाज शांत. ठिपके जिथल्या तिथे. प्रोग्रामनं खाली लिहिलं: निर्विकार. मग अप्पांनी मान जराशी खाली घेतली, तर लिहिलं: राग.

मी कॅमेरा बंद केला, थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मी कॉलेजात साठ मुलांसमोर उभी राहते. एवढ्या सभ्य शब्दांत माझी अशी चेष्टा आजवर कुणी केली नव्हती.

१७ जानेवारी

पहिले आकडे सरांना दाखवले. परदेशी चेहऱ्यांवर शंभरात ऐंशीच्या वर बरोबर. कॉलेजच्या मुलांवर सत्तरच्या आसपास. घरच्या, गल्लीतल्या चेहऱ्यांवर निम्मेसुद्धा नाहीत. आणि अप्पा: सांगितलेल्या भावांपैकी एकही बरोबर नाही.

सर म्हणाले, "हा एक माणूस काढून टाका. सहकार्य करत नसेल तर तो डेटा खराब धरतात. आकडा लगेच वर जाईल."

मान्य करायला हवं होतं. त्यांना माझ्या प्रोजेक्टमधून काढून टाकायला मला गोडच वाटलं असतं. पण मग मनात आलं, ज्या एका माणसाला वाचायचं म्हणून हे सगळं सुरू केलं, त्यालाच वगळून कसला प्रोजेक्ट. "ठेवते, सर," म्हटलं. सरांनी खांदे उडवले.

२९ जानेवारी

लोडशेडिंगनं वैताग आणलाय. प्रोग्राम शिकत असतो आणि मध्येच लाईट जाते, की पुन्हा पहिल्यापासून. आता सकाळी कॉलेजला जायच्या आधीच लावते.

बँकेनं अप्पांचा एक अर्ज परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. सोहमनं जुनी सही शेजारी ठेवून दाखवली. आताची अगदी मुंगीएवढी. "अप्पा, कागद वाचवताय का?" तो म्हणाला. अप्पांनी पुन्हा सही केली, ती आणखी बारीक आली. माई म्हणाल्या, "कशात लक्षच नाही यांचं."

९ फेब्रुवारी

वैदेहीताई, सोहमची मोठी बहीण, पुण्याहून आल्या आहेत. त्यांची चार वर्षांची मुलगी दिवसभर अप्पांच्या मांडीवर. मी ताईंना विचारून कॅमेरा चालू ठेवला, लहान मुलांचे चेहरेही हवे होते. पोरगी अप्पांच्या मिशा ओढते, गाल दाबते, आणि मग एकदम म्हणते, "आई, आबा माझ्यावर रागावलेत."

अप्पा म्हणाले, "नाही गं राणी." पण ती उतरून गेली.

ताई स्वयंपाकघरात माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "आम्ही पुण्याला घर घेतलं ते अप्पांना आवडलेलं नाही. अजून मनातून गेलं नाही बघ त्यांच्या. पूर्वी मी आले की दारापर्यंत यायचे हसत."

"हसत?" मी विचारलं.

"तू नाही बघितलंस. आमच्या घरात सगळ्यांत जास्त हसणारे अप्पाच."

माझा विश्वास बसला नाही. पुरावा आहे का म्हटलं, चेष्टेत. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाची सीडी बघ."

१६ फेब्रुवारी

सीडी २००३ ची आहे. चित्र तितकंसं चांगलं नाही, पण चेहरा सापडतो. मी फक्त अप्पा दिसतात ते तुकडे कापून प्रोग्रामला दिले.

आनंद. आनंद. आश्चर्य. आनंद. पाठवणीच्या वेळी दुःख, तेही असं ठळक की प्रोग्राम एकदाही चुकला नाही. व्याही काहीतरी बोलतात आणि अप्पा मान मागे टाकून हसतात. ओठांचे कोपरे कुठच्या कुठे जातात, भुवया वर, डोळे बारीक. मी या माणसाला ओळखत नाही.

मग त्याच ठिपक्यांची आताची रेकॉर्डिंग शेजारी लावली. माझ्यासमोर बसलेले अप्पा. नातीला मांडीवर घेतलेले अप्पा. दोन्हींत ठिपके सारखेच गप्प. पापण्या मोजायची सोय प्रोग्राममध्ये आधीपासून होती, कधी वापरली नव्हती. लग्नात ते इतरांसारखीच पापणी लववत होते. आता कितीतरी वेळ लवतच नाही.

आधी वाटलं प्रोग्राम बिघडला. माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर चालवून बघितला. व्यवस्थित चालतो.

मग दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावली. नातीवर कुणी रुसत नाही. ती तर बऱ्याच गोष्टी कळण्याच्या वयाचीही नाही. तिच्याकडे बघताना आणि माझ्याकडे बघताना चेहरा एकच असेल, तर तो चेहरा माझ्यासाठी केलेला नाही. कुणासाठीच केलेला नाही. त्यांना तो करताच येत नसेल तर?

"हसलो की." ते खरंच हसले होते.

१७ फेब्रुवारी

सकाळी सोहमला दाखवलं. तो म्हणाला, "अप्पांचं वय झालं, अस्मिता. रिटायर माणूस गंभीर होतो." मी म्हटलं, पापणी वयानं थांबत नाही. चालताना त्यांचा डावा हात हलत नाही ते बघितलंस का? शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो? सही? आवाज? मी एकेक बोलत गेले आणि बोलताना माझं मलाच कळत गेलं की हे सगळं मला रोज दिसत होतं. तो चिडला. "तू माझ्या वडिलांना आजारी ठरवतेयस."

माईंनी ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी जपून न बोलता बोलल्या. "तुझं मशीन तुझ्या कॉलेजात ठेव. माझ्या नवऱ्यावर प्रयोग करायचे नाहीत."

मी गप्प बसले नाही. म्हटलं, "माई, माझं चुकलं तर डॉक्टर सांगतील, आणि मग मी कॅमेरा काढून टाकीन. पण डॉक्टरांकडे आपण जाणार."

या घरात मी आजपर्यंत 'आपण' म्हटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

तीन दिवस कुणी नीट बोललं नाही. आज दुपारी कॉलेजातून लवकर आले तर माई हॉलमध्ये एकट्या, टीव्हीवर वैदेहीताईंच्या लग्नाची सीडी लावलेली. पदर तोंडाला. मी चप्पल काढून उभी राहिले. त्यांनी मला बसायची खूण केली.

"मला वाटलं यांना माझा कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून असे बघतात. मी काही बोलले तरी तसंच. दिवसभर माझ्याबरोबर राहायला लागलं म्हणून असेल. दोन वर्षं मी हेच धरून बसलेय. कुणाला सांगणार?"

 एका घरात मी, माई, ताई, अगदी ती पोरसुद्धा, प्रत्येकीनं तो चेहरा आपापल्या नावावर घेतला होता.

माई म्हणाल्या, "कधी जायचं डॉक्टरांकडे?"

१ मार्च

उल्हासनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मी लॅपटॉप घेऊन गेले होते, दोन्ही रेकॉर्डिंग दाखवायला. डॉक्टर म्हणाले, बघतो, पण नंतर. आधी त्यांनी अप्पांना अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला सांगितलं. डाव्या हाताचं बोट थोड्या वेळात मंदावलं. मग पॅसेजमध्ये चालून वळायला सांगितलं. वळताना अप्पा थबकले, उंबऱ्यात थबकले होते तसे. मी खाली बघितलं.

"वास येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. बरीच वर्षं."

माई म्हणाल्या, "बोलला नाहीत कधी."

"त्यात काय बोलायचं."

पार्किन्सन. डॉक्टरांनी न घाबरवता सांगितलं. बरा होत नाही, पण औषधानं पुष्कळ सांभाळता येतो. हात थरथरतातच असं नाही, काहींच्या बाबतीत आधी चेहरा जातो. "चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आतलं माणूस तसंच असतं. यांना आपण हसल्यासारखंच वाटतं." मग लॅपटॉपवरचं बघितलं, दोनदा बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" सोहम म्हणाला, "माझ्या बायकोनं." अप्पा माझ्याकडे वळून बघत राहिले. या वेळी मी नजर काढून घेतली नाही. तरी काही कळलं नाही. अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

२३ मार्च

औषधानं चालणं थोडं मोकळं झालंय. चेहऱ्यात फार फरक नाही. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायचा व्यायाम सांगितलाय, म्हणून अप्पा रोज गॅलरीत उभे राहून पेपरमधल्या बातम्या खणखणीत वाचतात. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले, घरात भांडण आहे का.

आज वाचून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. नावानं.

"तुला एक सांगायचं राहिलंय. तुमचं लग्न ठरलं तेव्हा मला राग आला होता. माझ्या चेहऱ्यावर तू तो बघितला असशील, तर बरोबर बघितलास."

मी विचारलं, "राग कशाचा होता, अप्पा?" मला माहीत होतं. पण त्यांच्या तोंडून हवं होतं.

त्यांनी पेपरची घडी घातली. "जातीचा," म्हणाले. "दुसरा कशाचा असणार. शिकलेला माणूस, फॅक्टरीत सगळ्यांबरोबर डबा खाल्ला, आणि घरात वेळ आली तेव्हा राग आला."

"मग?"

"मग गेला. कधी ते नाही सांगता येणार. तू सहा डिसेंबरला विहारात निघालीस तेव्हा मी तुला म्हटलं होतं, ये जाऊन, आमच्याकडूनही नमस्कार कर. तोपर्यंत गेला होता. मला वाटलं तुला दिसलं असेल."

त्यांना ठाऊकच नव्हतं की दिसत नाही.

मी आत आले आणि भांडी लावायला घेतली. मला बरं वाटतंय की वाईट, ठरवता येत नाही. तो राग खरा होता, माझा अंदाज चुकलेला नव्हता, याचं एक समाधान आहे. तो गेला हेही खरं आहे. पण 'गेला' म्हणजे सगळं पुसलं गेलं असंही नाही. प्रोग्रामला मी हे कुठल्या भावात घालायला सांगू?

१३ एप्रिल

सर अजून म्हणतात, ते एक नाव काढा. परीक्षक बाहेरचे येणार, घसरलेला आकडा बघून अडवतील. मी उलट केलं. एक नवीन प्रकरण लिहिलं. त्यात सांगून करवून घेतलेले अभिनय टाकून दिले. आता माणसाला समोर बसवते, गप्पा मारते आणि मधूनच विचारते, आत्ता काय वाटतंय? ते जे सांगतील तेच खरं उत्तर धरते आणि प्रोग्रामचं त्याशी ताडून बघते. वेळ फार जातो. माई, आई, बनूबाई, पप्पा, सगळ्यांची पुन्हा रेकॉर्डिंग केली. अप्पांची रोज. प्रोग्राम म्हणतो निर्विकार, अप्पा म्हणतात मजेत आहे. प्रोग्राम म्हणतो राग, अप्पा म्हणतात चहा गार झालाय, पण राग नाही.

सरांना म्हटलं, नाव काढलं तर माझं प्रकरणच राहत नाही. मार्क कमी पडले तर पडू देत. सर म्हणाले, "तुमची नोकरी आहे, मॅडम. विचार करा." केलाय.

७ मे

व्हायवा झाली. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. "तुमची सिस्टिम तुमच्याच घरातल्या माणसावर पूर्ण फेल आहे. मग ती घ्यायची कशाला?"

मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, "सर, ती चेहरा किती हलला ते सांगते. ते ती बरोबर सांगते. तो का हलला नाही, हे तिला कळत नाही. मलाही कळत नव्हतं. आम्ही दोघींनी ते राग म्हणून लिहिलं. त्या माणसाला विचारल्यावर कळलं."

"हे थीसिसमध्ये असंच लिहिलंय?"

"हो. शेवटच्या प्रकरणात."

त्यांनी ते प्रकरण उघडलं आणि माझ्यासमोर बसून वाचलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मग आणखी बरेच प्रश्न झाले, दोनांची उत्तरं आली नाहीत. पास झाले. मार्क बेताचे आहेत. प्रिन्सिपॉलांनी नोकरीचे कागद पुढे पाठवतो म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर सोहमला सांगितलं, माईंना सांगितलं. अप्पा म्हणाले, "मला आनंद झाला." आता ते असं बोलून सांगतात. कानाला अजून विचित्र लागतं, पण घरात सगळ्यांनाच ती सवय लागत चाललीय. काल माईसुद्धा भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आज मला जरा उदास वाटतंय." अप्पांनी पेपर खाली ठेवला.

१८ मे

गेल्या रविवारी अप्पांनी स्वतः बुवापाड्याला फोन लावला. पप्पांना आधी आवाज ओळखू येईना. मग अप्पांनी व्यायामाचा आवाज लावला आणि ओरडूनच सांगितलं, रविवारी दोघांनी जेवायला यायचं. माई कपाळाला हात लावून बसल्या. मला नंतर आईनं विचारलं, "रागात बोलवलं का गं?"

आज ते आले. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, आईच्या हातात डबा. अप्पांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो, पण कुणाचा हात न घेता उठले आणि दारापर्यंत गेले.

मी पप्पांकडे बघत होते. अप्पांचा चेहरा दिसला आणि पप्पांचा चेहरा मिटला. मी पप्पांना अप्पांच्या आजाराचं सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि दारात समोर उभं राहिल्यावर वेगळं. तो मिटलेला चेहरा माझ्या ओळखीचा आहे. फॅक्टरीत, ऑफिसात, भाड्याची खोली बघायला गेल्यावर, लहानपणापासून मी तो बघत आलेय. पप्पांचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला.

अप्पा मोठ्यानं म्हणाले, "भगवानराव, माझा चेहरा आजारी आहे. त्याच्यावर जाऊ नका. तुम्ही दोघं आलात, मला फार आनंद झालाय. आणि बोलवायला उशीर केला, त्याची लाजही वाटतेय."

जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई थांबून बघायला लागली.

पप्पांनी चप्पल काढली. मग अप्पांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. आम्ही आजवर नुसते चेहरेच बघत आलो."

आणि आत आले.